स्टेशनपासून पाच मिनिटं

मुंबईतला प्रत्येक लॉज स्टेशनपासून पाच मिनिटांवर असतो. सहा मिनिटांवरचा लॉज अजून कुणी बांधलेला नाही. ही पाच मिनिटं पूर्वेची की पश्चिमेची, पुलाच्या पायऱ्या धरून की सोडून, आणि रिकाम्या हातांनी की एका हातात बॅग, दुसऱ्या हातात शेंगाचटणीचे डबे आणि मागून बायकोचं धावतं समालोचन असताना, हे कुणी सांगत नाही. म्हणून फोनवर मी भाडं नंतर विचारतो. आधी विचारतो, "पूल किती चढायचे?" बहुतेक मॅनेजर यावर गप्प होतात. काहींना शंका येते, गिऱ्हाईक रेल्वेतलं तर नाही ना.

आम्ही सोलापूरचे. दारात गाडी नाही, आणि असती तरी ती मुंबईत नेऊन लावायची कुठे, या काळजीने निम्मी मुंबई बघायची राहिली असती. त्यापेक्षा सिद्धेश्वर एक्स्प्रेस बरी. रात्री बसायचं, सकाळी दादरला उतरायचं. पुढे लोकल, बेस्ट आणि पाय. प्रश्न उरतो तो पाठ टेकण्याचा.

मुंबईत नातेवाईक असताना लॉज शोधणं हा आमच्याकडे दखलपात्र गुन्हा आहे. बदलापूरच्या मावसभावाला कुणकुण लागली, की फोन येतो, "लॉजवर कशाला रे? आम्ही मेलोय का?" तो चांगला ठणठणीत आहे, वहिनी तर फारच प्रेमळ. अडचण भूगोलाची आहे. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. आमची गाडी पुण्याहून कर्जतमार्गे येते. म्हणजे पहाटे आम्ही त्याच्या घराजवळूनच घोरत पुढे जाणार, कल्याणला उतरणार आणि सामानासकट लोकलने उलटं मागे येणार. आंघोळी, पोहे, आग्रहाचे दुसऱ्यांदा पोहे, चहा, हे आटपून मुंबईकडे निघावं तर ऐन गर्दीची वेळ. त्या गर्दीत शिरण्याचं माझं शिक्षण झालेलं नाही. संध्याकाळी शिवाजी मंदिरात नाटक बघावं, तर दुसऱ्या अंकात सगळं नाट्यगृह हसतंय आणि आमची ही कानाशी लागून विचारतेय, "अहो, शेवटची बदलापूर कितीला?" फुकटच्या मुक्कामाइतकं महाग मुंबईत दुसरं काही नाही.

वडिलांच्या पिढीने लॉज शोधलाच नाही. त्यांची सोय आमदार निवासात. आमदाराचं पत्र, नाहीतर पत्र आणलेल्या माणसाची ओळख, तेही नसलं तर आपण त्याच तालुक्याचे आहोत हे पटेल असं बोलणं, एवढ्यावर पथारी पसरायला जागा मिळे. खोली एका आमदाराची आणि झोपलेला अख्खा तालुका. आमदार स्वतः कुठे झोपत, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. जागा मात्र अशी, की श्रीमंतांनीही हेवा करावा. आकाशवाणी आमदार निवासातून मंत्रालय पायी, चर्चगेट पायी, समुद्र पायी. मनोरा आमदार निवास तर पाडलं, आणि पत्राचा मार्ग मला तसाही जमण्यातला नाही. नाटक बघायला आलोय म्हणून पत्र कोण देणार? निदान बदलीचा एखादा अर्ज तरी खिशात हवा.

कोकणी माणसाने हा प्रश्न आमदारावर सोडला नाही. लालबाग-परळच्या चाळींत अख्ख्या गावाची मिळून एक खोली असे. गिरणीत रात्रपाळीला गेलेल्याच्या जागेवर दिवसपाळीवाला झोपे. गोव्याचे ख्रिस्ती लोक आणखी पुढचे. त्यांच्या गावोगावचे कूड मुंबईत होते, धोबीतलावच्या जेर महालात आजही आहेत. बोटीवर नोकरी करणारा दर्यावर्दी बोट लागेपर्यंत आपल्या गावाच्या कुडात राहायचा. भिंतीशी ओळीने लाकडी पेट्या, समोर वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना आणि रात्री जमिनीवर अंथरूण. पेटी ठेवण्यापुरती जागा हीच तुमची खोली. भाडं नाममात्र, आणि स्टेशनपासून खरोखरच पाच मिनिटं! सोलापूरकरांनी असा कूड का काढला नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर एकच दिसतं. कापडाच्या गिरण्या आमच्याकडे एकोणिसाव्या शतकातच आल्या होत्या. आमच्या माणसाला भोंगा घरबसल्या ऐकू येत होता, तो कशाला मुंबई गाठतो?

तेव्हा आता जे काय शोधायचं ते पैसे मोजूनच. नव्या मुलांनी मला पॉडचा मार्ग दाखवला. रेल्वेचं देशातलं पहिलं पॉड हॉटेल नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रलला सुरू झालं. एकावर एक कप्पे. आत गादी, दिवा, मोबाइल लावायला जागा आणि थंडगार हवा. एकट्या माणसाला उत्तम, असं माझं प्रामाणिक मत आहे. हिने फोटो बराच वेळ न्याहाळला आणि एकच प्रश्न विचारला, "यात उभं राहून साडी कशी नेसायची?" पॉडचा विषय तिथेच संपला. स्टेशनातल्या रिटायरिंग रूमचं भाडं परवडतं आणि पूलही चढावा लागत नाही, पण त्याला तिकिटाचा पीएनआर लागतो आणि नशीब लागतं. पीएनआर आमच्याकडे असतो.

खरा घोळ घड्याळाचा. गाडी सकाळी पोचवते, लॉजची वेळ दुपारी बाराची. परतीची गाडी रात्री, खोली सोडायची पुन्हा बारालाच. म्हणजे सकाळी सामान घेऊन हिंडा, दुसऱ्या दिवशी दुपारपासून सामान घेऊन हिंडा, आणि मधल्या वेळेचं पूर्ण दिवसाचं भाडं भरा. म्हणून पुलानंतर माझा दुसरा प्रश्न असतो, "चोवीस तास आहे का?" चोवीस तासांचा लॉज म्हणजे आत आल्यापासून चोवीस तास मोजणारा. असा लॉज शंभर-दोनशेने महाग असला तरी घ्यावा. नाहीतर क्लोकरूमच्या रांगेत उभं राहावं आणि बॅगेला कुलूप नाही म्हणून परत फिरावं.

भाड्यावरच्या कराचंही सांगतो. जुलै २०२२ पर्यंत दिवसाला हजाराच्या आतल्या खोलीला जीएसटी नव्हता. मग १२ टक्के लागला, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ झाला. लागल्याची बातमी लॉजमध्ये त्याच दिवशी पोचली होती. उतरल्याची अजून वाटेत असावी.

एवढं सगळं चाळून मी दादरवर येतो. मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग तिथे मिळतात, सिद्धिविनायक जवळ, नाटक चालत जाऊन बघता येतं आणि रात्री चालत परत येता येतं. दोन मार्ग बदलून, चार जिने चढून जिथे पोचावं लागतं त्या स्वस्त खोलीपेक्षा ही थोडी महाग खोली मला स्वस्त पडते. हिशेब हिला पटतो, कारण गुडघे तिचेही दुखतात.

पण दादरला पत्ता विचारणं सोपं नाही. "सहा नंबरवरून बाहेर पडा," असं मॅनेजर म्हणाला. पूर्वी दादरला दोन सहा नंबर होते, एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्य रेल्वेचा. डिसेंबर २०२३ मध्ये फलाटांना एक ते चौदा असे सलग आकडे दिले आणि मध्य रेल्वेचा सहा बारा झाला. मॅनेजरच्या डोक्यात तो सहाच आहे. "मेट्रोने येताय का? मेट्रोही जवळच," असंही तो म्हणाला. दादरची मेट्रो गोखले रोडला. त्याची पाच मिनिटं तिथपर्यंतही पुरतात.

खोली ठरवण्याचे अधिकार हिचे. ती भाडं ऐकत नाही, थेट न्हाणीघरात जाते. नळ सोडून बादली भरायला किती वेळ लागतो ते बघते, मगाचा तळ बोटाने तपासते, उशीचा अभ्रा वर करून आतली उशी बघते आणि 'गरम पाणी ६ ते ८' ही पाटी मोठ्याने वाचते, म्हणजे पुढचं बोलणं मला करता यावं.

मी खाली काउंटरवर आलो. आधार कार्डाच्या झेरॉक्स काढून झाल्या. समोर पाटी होती, त्यावर टीव्ही, लिफ्ट, गरम पाणी आणि शेवटी 'मोफत पार्किंग'.

"आमच्याकडे गाडी नाही," मी म्हणालो. "पार्किंग आम्ही वापरणार नाही. त्याचे काही कमी करा."

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. "काका, ते मोफत आहे. मोफतचे कमी कसे करू?"

"मग दुसऱ्याला भाड्याने द्या आणि आम्हाला सूट द्या."

"कुठून देऊ?" दाराबाहेर फुटपाथवर शेवंतीच्या टोपल्या मांडल्या होत्या, तिकडे बोट दाखवत तो म्हणाला. "पार्किंग आहेच कुठे?"

मागून ही म्हणाली, "मग लिफ्ट तरी आहे का ते विचारा."