फँटसीचा पेपर कसा सोडवावा

सदर मार्गदर्शिका बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी घेऊन ‘फँटसी साहित्य’ हा ऐच्छिक पेपर निवडलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पेपर सोपा असेल म्हणून ज्यांनी तो निवडला, त्यांनी ती दोनदा वाचावी.

नियम १ : पिक्चर पाहून परीक्षेला बसू नये.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन सिनेमे मिळून नऊ तासांच्या वर जातात. एवढा वेळ बसलो म्हणजे अभ्यासच झाला, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. पेपर काढणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो टॉम बॉम्बाडिलवर टीप विचारतो. हा गृहस्थ पुस्तकात गातो, बागडतो, पाहुण्यांना पोटभर जेवू घालतो. सिनेमात औषधालाही सापडत नाही. शेवटी घरी परतलेल्या हॉबिटांना आपल्याच गावातून गुंड हुसकावून लावावे लागतात, तेही सिनेमात गाळलंय. मार्क नेमके तिथे असतात.

नियम २ : व्याख्या द्यावी, पण तिच्यावर विसंबू नये.

तोदोरोव्हची १९७० सालची व्याख्या सगळ्या झेरॉक्स नोट्समध्ये पहिल्या पानावर असते. तिचा अर्थ असा : वाड्यात रात्री पैंजण वाजतात. भूत आहे की घुंगरू बांधलेलं मांजर? हे ठरत नाही तोवरच कथा ‘फँटास्टिक’. मांजर निघालं की ती एका खात्यात गेली, भूत निघालं की दुसऱ्या. व्याख्या उत्तमच आहे. अडचण एवढीच की टॉल्कीनच्या जगात एल्फ आहेत की नाहीत अशी शंका कुणालाच येत नाही, त्यामुळे या व्याख्येने अभ्यासक्रमातलं मुख्य पुस्तकच अभ्यासक्रमाबाहेर जातं. हे उत्तरात लिहावं. तपासणारा जागा असेल तर खूश होतो.

त्यापेक्षा फारा मेंडलसनचे २००८ सालचे चार प्रकार कामाला येतात. ती विचारते, अद्भुत कुठून येतं? कपाटाच्या दारातून आपण तिकडे जातो, का ते आपल्या घरात घुसतं, का आपण पहिल्या पानापासून तिथलेच रहिवासी, का ते आहे की नाही याचाच पत्ता लागत नाही? चार प्रकार, म्हणजे चार उपशीर्षकं आणि दीड पान. विद्यार्थ्यांना सिद्धान्त यापेक्षा जास्त काही देऊ शकत नाही.

नियम ३ : प्रतीक शोधण्याआधी तारीख पाहावी.

आमच्या विभागात एक ज्येष्ठ सर आहेत. पुस्तकात ड्रॅगन दिसला की त्यांना चैन पडत नाही. ड्रॅगन म्हणजे भांडवलशाही. कपाट म्हणजे गर्भाशय. अंगठी म्हणजे अणुबॉम्ब. ओर्क म्हणजे कोण, हे दर निवडणुकीला बदलतं. मुलं भराभर लिहून घेतात आणि तेच पेपरात ओततात, आणि ते तपासायला माझ्याकडे येतं!

आता अंगठीचंच घ्या. अणुबॉम्ब पडला १९४५ साली. अंगठीची कुळकथा सांगणारं प्रकरण त्याआधीच, महायुद्धाचं सावट पडण्यापूर्वी लिहून झालं होतं. टॉल्कीनने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हे स्वतः नोंदवलंय आणि रूपककथा आपल्याला आवडत नाहीत असंही बजावलंय. १९३६ साली त्याने ‘बेओवुल्फ’वर जे गाजलेलं व्याख्यान दिलं, त्याचा रोख असल्याच सरांवर होता : पंडितांना त्या काव्यातले राक्षस अडचणीचे वाटतात, पण काव्याचा गाभा राक्षसच आहेत. अहो सर, ‘हॉबिट’मधला तो ड्रॅगन स्मॉग सोन्याच्या ढिगावर पोट टेकून झोपलाय, आणि ढिगातला एक पेला चोरीला गेला तर उठून डोंगर भाजतोय. यात तुम्हाला कमी काय पडलं?

नार्नियातला सिंह मात्र अपवाद. लुईसने त्याच्यात ख्रिस्त उघडउघड घातलाय. तिथे आमचे सर बरोबर असतात आणि त्या एका सिंहावर वर्ष काढतात.

नियम ४ : नकाशा झेरॉक्समध्ये काळा येतो. तरी जवळ ठेवावा.

ल ग्विनने अर्थसीची बेटं आधी कागदावर काढली, कादंबरी मागून वसवली.

नियम ५ : ‘पलायनवाद’ हा शब्द जपून वापरावा.

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि उत्तर दरवर्षी ‘होय’ असं लिहिलं जातं. परीकथांवरच्या निबंधात टॉल्कीन विचारतो, तुरुंगातून निसटणारा कैदी आणि रणांगणातून पळणारा सैनिक यांना तुम्ही एकाच मापाने का मोजता? मराठी विद्यार्थ्याने याला आपल्याकडचं उदाहरण जोडावं. नाथमाधव शिकारीला गेले असता सिंहगडावर कड्यावरून कोसळले आणि कमरेखाली अधू झाले. त्यांचं कादंबरीलेखन त्यानंतरचं. ‘वीरधवल’ आली १९१३ साली. जागेवरून हलता न येणाऱ्या माणसाने एका अख्ख्या पिढीला रात्र रात्र जागवून अद्भुताच्या राज्यात हिंडवून आणलं. याला पलायन म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण मार्क मी देणार नाही.

नियम ६ : मागच्या बाकावरच्या मुलीशी वैर धरू नये.

ही दर बॅचला एक असते. हिने बाकावर कर्कटकाने स्वतःचं नाव एल्फांच्या लिपीत कोरलेलं असतं. आमचे सर फळ्यापाशी ‘सेलेबॉर्न’ म्हणाले की मागून आवाज येतो, “केलेबॉर्न, सर. त्यात सी चा उच्चार कायम क.” ती बरोबर असते, परिशिष्टात तसं दिलंय. परिशिष्टं वाचणारी व्यक्ती वर्गात ती एकटीच. अंतर्गत परीक्षेत तिला वीसपैकी अकरा मिळाले, कारण तिने ड्रॅगनला ड्रॅगन म्हटलं.

नियम ७ : पुरवण्या जोडण्यासाठी जोडू नयेत.

टॉल्कीन चार पैसे जास्तीचे मिळावेत म्हणून उन्हाळ्यात शाळेच्या परीक्षेचे पेपर तपासत असे. एका मुलाने पान कोरं सोडलं होतं. ते पाहून तपासनीस इतका सुखावला की त्याच पानावर त्याने ‘द हॉबिट’चं पहिलं वाक्य लिहून टाकलं. पुस्तक आलं १९३७ साली. पानं भरून प्रतीकं लिहिणाऱ्यांनी यातून बोध घ्यावा.

शेवटी एक विनंती. आमच्या ग्रंथालयात ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे पहिले दोन खंड आहेत, तिसरा गेल्या वर्षापासून गायब आहे. दुसरा खंड संपतो तेव्हा फ्रोडो शत्रूच्या हाती जिवंत सापडलेला असतो. इंग्रज वाचकांना पुढचं कळायला १९५५चा ऑक्टोबर उजाडावा लागला, जवळपास वर्षभर ते तसेच लटकले होते. मागच्या बाकावरची मुलगी परवाच पुन्हा तिथवर पोचली आहे. तिसरा खंड ज्या कुणाकडे असेल त्याने तो मुकाट्याने काउंटरवर आणून ठेवावा. दंड घेणार नाही, नावही विचारणार नाही. सर, तुम्हालाही नाही.