चि. ब्रुनो यास, सावंतवाडीहून



पत्रास कारण की, तुझ्या आईवडिलांना लिहून उपयोग होत नाही. तुझे वडील, म्हणजे माझा पुतण्या, व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून मोकळे होतात. तुझी आई म्हणते, ‘काका, तुम्हाला नाही कळायचं.’ घरात समजूतदार असा तूच उरलास. तुला वाचता येत नाही ही अडचण आहे खरी. पण फाडण्यापूर्वी तू प्रत्येक कागद चारी बाजूंनी हुंगून घेतोस. माझ्या पत्रांना एवढी आस्था आजवर कुणी दाखवलेली नाही. पत्र खुलं अशासाठी, की हल्ली गणपतीत आणि मे महिन्यात तुझे बरेच भाऊबंद मुंबई-पुण्याहून मालकांना घेऊन सावंतवाडीत उतरतात. त्यांनीही हुंगावं.

यंदाच्या गणपतीत महामार्गाचे सगळे खड्डे सोसून तुमची गाडी सालईवाड्यात पोचली, तेव्हा डिकीतून पहिली निघाली ती तुझी पिशवी. गणपतीचं मखर तिच्याखाली दबून बसलं होतं. पिशवीतून एक कापसाचं बदक निघालं, एक रबरी हाड, नायलॉनचा दोर, काट्याकाट्यांचा चेंडू आणि दाबली की केकाटणारी कोंबडी. शेजारच्या काकी सोवळ्यातली फुलं द्यायला आल्या होत्या, त्यांनी बदकाच्या पायाला लटकलेली चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि म्हणाल्या, “सातशे? माजो झील ल्हान होतो तेवा तेका सुदा इतक्याचा खेळणा घेवक नाय मी!” तुझ्या आईला मालवणी कळत नाही, हे त्या दिवशी देवाचे उपकार.

त्या बदकाचं पुढे काय झालं ते मी खळ्यात खुर्ची टाकून पाहिलं आहे. तू त्याला पुढच्या पंजांत धरून मानेवर हलकेच दाबलंस, पोटातली शिटी वाजली, तुझे कान उभे राहिले. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा तुझ्या आईने मोबाइल काढला. मोबाइलचं कुलूप उघडेपर्यंत तू पंखाखालची शिवण शोधली होतीस. पुढच्या बारीक दातांनी एकेक टाका उसवलास, कापूस पुंजक्यापुंजक्याने काढून सारवलेल्या खळ्यात मांडलास, शेवटी शिटी जिभेवर घेतलीस आणि बाजूला थुंकलीस. नशीब थुंकलीस. तसल्या शिट्या गिळून शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेलेले कुत्रे डॉक्टरांना नवीन नाहीत. माझा चहा निवायच्या आत सगळं आटोपलं होतं. सातशे रुपयांची करमणूक पाहत चहा प्यायचा योग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आला.

मग तू परसात गेलास आणि पूजेसाठी सोललेल्या नारळांच्या ढिगातून एक सोडण उचलून आणलंस. ते तोंडात धरून खळ्यातून धावलास, पायरीखाली लपवलंस, आठवण येऊन पुन्हा काढलंस. आमचा गावठी वाघ्या, ज्याला उभ्या जन्मात कुणी खेळणं दिलेलं नाही, तो दुसरं टोक ओढायला आला. संध्याकाळच्या आरतीपर्यंत तुम्हा दोघांना बाकी कशाचं भान नव्हतं. रबरी हाड पिशवीतच राहिलं. ते अजून आमच्याकडे आहे. मी त्याने खिडकीचं दार अडवतो, उत्तम अडतं.

लगेच शेफारून जाऊ नकोस. सोडणाचे केसर गिळलेस तर पोटात गोळा होतो, म्हणून कुणी समोर बसलेलं असतानाच ते तुझं; नंतर बंबात. आणि मे महिन्यात आलास तर आंब्याच्या बाट्याला तोंड लावायचं नाही. बाटा गुळगुळीत असतो, सरकन घशाखाली जातो आणि आतड्यात अडकून बसतो. फुकटातला हा खेळ बदकाच्या दहापट महाग पडेल.

आता मुद्द्याचं बोलतो. तू खेळणी मागितली नव्हतीस हे मला ठाऊक आहे. तुला हवा असतो तो तुझ्या बाबांच्या वेळेतला अर्धा तास. तो त्यांच्याकडे नाही, पैसे आहेत. म्हणून दर महिन्याला एक खोका येतो. साहेब सकाळी आठला घर सोडतात, रात्री नऊला येतात, आणि मधल्या तेरा तासांची भरपाई म्हणून प्लास्टिकची कोंबडी देतात. अमेरिकेत तर कुत्र्यांसाठी दरमहा खेळण्यांची पेटी घरपोच येण्याची वर्गणी भरता येते म्हणे. आमच्या लहानपणी वर्गणी ‘चांदोबा’ची असायची आणि तोसुद्धा सगळी आळी मिळून वाचायची.

गौरीविसर्जनानंतर तुझे आईबाबा लेकीला, इराला घेऊन चितारआळीत गेले. तू गाडीत एसी लावून झोपला होतास, म्हणून तिथे काय झालं ते सांगतो. ही आळी म्हणजे आमच्या गावाचं नाक. पांगाऱ्यासारखं हलकं, मऊ लाकूड कोरून इथे पिढ्यान्‌पिढ्या खेळणी होतात: भातुकली, पाळणे, बैलगाड्या, भोवरे आणि फळं. लाखकाम म्हणजे फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढत जाते. मध्यंतरी ही कला विझत आली होती, तेव्हा सावंतवाडीचे शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी 1970च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवून ती जागती ठेवली. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, शिकायला राणीसाहेब स्वतः म्हाताऱ्या चिताऱ्यापुढे बसल्या. दशावतारी गंजिफाचे 120 गोल पत्ते, प्रत्येकावर हाताने काढलेलं चित्र. त्यांच्या पश्चात आजही राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कुंचले चालतात.

तर अशा आळीत इराने भातुकलीचा एक संच उचलला. इवलंसं जातं, उखळ, पोळपाट, लाटणं, चूल. दुकानदाराने किंमत सांगितली. बदकापेक्षा कमी होती. आणि तुझ्या बाबांनी, ज्यांनी बदकाच्या छापील किमतीपुढे मान तुकवली होती, इथे मात्र कंबर कसली. “जरा नीट लावा ना. आम्ही इथलेच.” तुझी आई म्हणाली, “लाकूडच तर आहे.” एवढं होऊन संच घेतला तो छोटाच; लाटणं नसलेला. इरा वाटेत पोळपाटावर पेन्सिल फिरवत होती.

मी काही बोललो नाही. मोती तलावाच्या कठड्यावर बसून वाटाणे खाल्ले. परदेशातून आलेल्या कोंबडीशी घासाघीस करता येत नाही, समोर बसलेल्या माणसाशी येते. मग करून घ्यावी, नाही का?

बाकी सरकारही तुझ्याच बाजूचं आहे. 1 जानेवारी 2021पासून आपल्याकडे खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं झालं. धारदार कडा नकोत, विषारी रंग नकोत, सुटणारे बारीक भाग नकोत. पण हा हुकूम 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना. तुझं वय साडेतीन. तू नियमात बसायला हरकत नव्हती, फक्त मुलगा नाहीस एवढंच. त्यामुळे तुझ्या कोंबडीत कसलं प्लास्टिक आणि कोणता रंग आहे हे कुणी तपासलेलंच असेल अशी खात्री नाही, आणि तू तर खेळणं हातात धरत नाहीस, थेट चावतोस. इराच्या खेळण्याला चिन्ह आहे का हे तुझ्या आईने चष्मा लावून पाहिलं. तुझ्या खेळण्याचा तिने फक्त फोटो पाहिला.

तुझ्या बुद्धीबद्दल मात्र मला आदर आहे, त्याचं कारण केळं. आमच्या माजघरात टेबलावर चितारआळीतल्या लाकडी फळांची परडी आहे. त्यातल्या केळ्याला पाहुणे फसतात. तलाठीभाऊजींनी तर एकदा साल काढायला नख लावलं होतं. तू आलास, नाक टेकवलंस, आणि पुढे गेलास. एका हुंगण्यात निकाल. तुला रंगाचं कौतुक नाही हे तेव्हाच कळायला हवं होतं. कुत्र्याला निळा आणि पिवळा चांगला दिसतो. लाल त्याला मळकट, तपकिरी वाटतो. हिरव्या गवतात लाल चेंडू टाकून ‘शोध, ब्रुनो, शोध’ म्हणून ओरडणाऱ्या तुझ्या बाबांना हे कुणी सांगावं? चेंडूचा रंग पसंत केला होता त्यांनी, त्यांच्या सोफ्याला जुळणारा.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठातले जॉन ब्रॅडशॉ आणि त्यांचे सहकारी यांनी लॅब्रेडॉर कुत्र्यांना तेच ते खेळणं पुन्हा पुन्हा देऊन पाहिलं. 2012 साली ते प्रसिद्ध झालं. कुत्रे लवकर कंटाळले. पण खेळण्याचा वास किंवा रंग बदलला की पुन्हा ताजेतवाने. म्हणजे तुला नवं खेळणं लागत नाही, नवा वास लागतो. तो सावंतवाडीत फुकट मिळतो. अर्धी खेळणी माळ्यावर टाकून ठेवायची, पंधरवड्याने काढायची. तोवर त्यांना कोकमाच्या आमसुलांचा आणि जुन्या पावसाचा वास लागलेला असतो. तुला वाटेल, बाजारातून आलं.

आणि तुझ्या त्या महागड्या रबरी खेळण्यांची जात कुठून आली तेही ऐक. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये 1970च्या दशकात ज्यो मार्कहॅम नावाच्या माणसाचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता. तो दगड चावून दात झिजवत असे. मालक आपली फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करत होता, काढलेले भाग त्याने बाजूला टाकले, आणि फ्रिट्झने त्यातला सस्पेन्शनचा रबरी तुकडा उचलला. दगड विसरला. त्या आकारावरून ‘काँग’ नावाचं खेळणं झालं आणि आज ते जगभर विकलं जातं. सारांश, कुत्र्याने भंगारातून निवडलं, माणसाने त्याला किंमत लावली. आमच्या वाघ्याचं सोडण अजून पेटंट व्हायचं आहे, तोवर वापरून घे.

घरी गेल्यावर तुझ्या बाबांना एवढं करायला लाव. जुना सुती पंचा किंवा चादर फाडून तीन पट्ट्यांची घट्ट वेणी घालायची, दोन्ही टोकांना गाठ. धागे सुटायला लागले की फेकून द्यायची. आंब्याचा पुठ्ठ्याचा खोका आला की त्यातल्या पिना आणि चिकटपट्टी काढून आतल्या पेंढ्यात उकडलेल्या रताळ्याचे तुकडे पेरायचे. तू नाकाने शोधत बसशील. टेनिसचा चेंडू टाकायला ठीक, चघळायला नाही, त्याच्या लोकरीने दात झिजतात. आणि चेंडू असा घ्यायचा की तुझ्या घशात बसणार नाही. चपला मात्र देऊ नयेत, जुन्यासुद्धा. तुला जुनी चप्पल आणि माझी चप्पल यातला फरक समजावून सांगणं कुणाच्या बापाला जमणार नाही. चितारआळीतलं लाकूडही तुझ्यासाठी नाही, बरं का. मऊ लाकडाच्या कपच्या निघतात, वर रंग. ते आमच्यासाठी.

तुझ्या बाबांनी विचारलं की या सगळ्याला रोज वेळ कोण देणार, तर उत्तर देऊ नकोस. फक्त वेणीचं टोक त्यांच्या पायावर नेऊन टाक आणि बघत बस. या कामात तुला कुणी शिकवायला नको.

कळावे, लोभ असावा.

तुझा (तुझ्या आईच्या हिशेबाने)
आजोबा

ता. क. दिवाळीत येशील तेव्हा पिशवी रिकामी आण. इरासाठी लाटण्यासकट मोठा संच सांगून ठेवला आहे. पैसे मी दिलेत, बदकाच्या पुढच्या हप्त्यातून वळते करून घेईन. भाव काय ठरला म्हणून तुझे बाबा विचारतील. सांग, चिताऱ्याने सांगितला तोच.