कारळ्याचं माहेर

माझी पुतणी जन्मानं इथिओपियाची, पासपोर्टानं अमेरिकेची आणि आडनावानं साताऱ्याची. २०११ साली धाकट्या भावानं आणि वहिनीनं तिला अदिस अबाबाहून घरी नेलं, तेव्हा ती आठ महिन्यांची होती. (२०१८ पासून इथिओपियानं परदेशी दत्तक देणं बंदच केलंय.) यंदा मे महिन्यात ती पहिल्यांदाच साताऱ्यात येणार म्हटल्यावर भावाचा फोन आला, ‘‘दादा, तिला तिच्या मुळांचा विसर पडू नये म्हणून आम्ही जपतो. तिथलं जेवण, सणवार, सगळं. तूही जरा बघ.’’

मी बघितलं. म्हणजे यूट्यूब बघितलं.

तिकडची भाकरी म्हणजे इंजेरा. खसखशीएवढ्या तेफ नावाच्या धान्याचं पीठ आंबवून करतात. मंडईतल्या दुकानदाराला तेफ विचारलं, तर ‘‘टेप? ती स्टेशनरीत,’’ म्हणाला. मग ज्वारी-नाचणीचं पीठ भिजवलं. साताऱ्याच्या मे महिन्यात त्याला तीन दिवस ठेवायची गरज नव्हती हे दुसऱ्या दिवशी ओट्यावरून ओघळ फरशीवर आला तेव्हा कळलं. आई नाकाला पदर लावून म्हणाली, ‘‘म्हैस कधी आणतोयस? आंबोण तयार दिसतंय.’’

इंजेरा एकाच बाजूनं भाजायचा, वर झाकण ठेवायचं आणि त्याला जाळी पडली पाहिजे. त्या भोकांना तिकडे डोळे म्हणतात. माझा पहिला इंजेरा ठार आंधळा निघाला. दुसऱ्याला एकच डोळा होता आणि तोही माझ्याकडे रागानं बघत होता. आईनं उलथनं हिसकावलं. ‘‘आंबोळी घालतोयस हे आधी सांगावं की रे!’’ तिच्या हातून डोळेच डोळे पडले. पुढचा पदार्थ शिरो. भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण, तिखट. मी कृती वाचत होतो आणि आई माझ्याकडे बघत होती. ‘‘पिठलं शिकायला इंटरनेट लागतं तुला?’’

पोरगी आली त्याच दिवशी सांगलीची आत्याही येऊन थडकली. येताना दोन किलो हळद आणि पोतंभर भडंग. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आत्या ते स्वतःलाच मिळाल्यासारखी वागते. ‘‘हिला आपलं तिखट झेपेल का गं?’’ तिनं आईला कुजबुजत विचारलं. ही कुजबूज पोवई नाक्यापर्यंत ऐकू गेली असावी. पोरीनं उत्तरादाखल ठेच्याची वाटी पुढे ओढली. तिकडच्या बेर्बेरे मसाल्यावर वाढलेली ती! मिरची तशी मूळची अमेरिका खंडातली. तेव्हा तिखटाच्या बाबतीत परके आम्हीच होतो.

संध्याकाळी अजिंक्यताऱ्यावर मी तिला तिचा इतिहास सांगायला घेतला. निजामशाही सांभाळणारा मलिक अंबर मूळचा तुमच्याकडचा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि इथे वजीर झाला, वगैरे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘पण काका, त्याला विकलं होतं. मला नाही.’’ मी घसा खाकरला आणि विषय कंदी पेढ्यांवर नेला.

खरी गंमत रात्री पानावर झाली. डाव्या बाजूला आईनं कारळ्याची चटणी वाढली होती. पोरीनं बोट लावून चाखली आणि थबकली. ‘‘आजी, हे नूग ना? आमच्या शेजारच्या इथिओपियन आजी उपासाला करतात.’’ मी मोबाइल काढला. कारळ्याच्या शास्त्रीय नावातच ‘ॲबिसिनिका’! ॲबिसिनिया म्हणजेच इथिओपिया, तेच त्याचं मूळ गाव. भावाला दत्तकाचे कागद जमवता जमवता नाकी नऊ आले होते, आणि हे पठ्ठं कैक शतकांपूर्वी ना कोर्ट ना कागद, आमच्या रानात येऊन मराठी झालं होतं.

आत्याला मात्र वेगळाच धक्का बसला होता. ‘‘उपासाला कारळं?’’

‘‘हो. डाळही चालते. दूध-तूप चालत नाही.’’

दूध-तूप वर्ज्य आणि डाळ चालते! एवढ्या उलट्या उपासानं पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होतं, या विवंचनेत आत्या गप्प झाली. पण किती वेळ? लगेच आग्रह सुरू. घे गं, अजून एक, आत्याआजीसाठी. पोरीनं पाच वेळा घेतलं. सहाव्यांदा तिनं सांगितलं की तिकडेही घास भरवतात, त्याला गुर्शा म्हणतात. घास जेवढा मोठा तेवढी माया जास्त, आणि नाही म्हणायचं नसतं. मग तिनं आंबोळीचा अर्धा तुकडा तोडला, त्यात पिठलं भरलं, वर कारळ्याची चटणी दाबली आणि सगळं गुंडाळून आत्याच्या तोंडात सारलं.

आत्याचे गाल फुगले, डोळे विस्फारले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात घड्याळाची टिकटिक ऐकू आली. आई तर पदराआड हसत होती. शेवटी आत्यानं घास गिळला, पाणी प्यायलं आणि पोरीकडे करड्या नजरेनं बघितलं.

‘‘कारळ्यावर तेल नाही घातलंस?’’