शिव्या खायला सरकारतर्फे

विदर्भात कुठलाही मोर्चा निघाला की शेवटच्या भाषणात दोन मागण्या ठरलेल्या. खटला फास्ट ट्रॅकवर चालवा आणि उज्ज्वल निकमांना नेमा. खैरलांजी हत्याकांडाला निकम, हिंगणघाट जळीतकांडाला निकम. माणूस निष्णात, वादच नाही; जुलै 2025 मध्ये राष्ट्रपतींनी राज्यसभेवरही पाठवलं. पण या मागणीचा दुसरा अर्धा भाग कोणी माईकवर बोलत नाही: पगारावर बसलेल्या रोजच्या सरकारी वकिलाच्या हाती ही केस देऊ नका. आणि सरकार ती मागणी हसतमुखानं मान्य करतं. म्हणजे आपल्याच माणसावर भरवसा नाही, असं लेखी देतं आणि टाळ्या घेतं.

हे रोजचे म्हणजे एपीपी, असिस्टंट पब्लिक प्रॉसिक्युटर. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाच्या कुठल्याही मॅजिस्ट्रेट कोर्टात डोकवा. टेबलावर फायलींचा गठ्ठा, बाजूला पैरवीचा हवालदार, मागे चार ठाण्यांचे शिपाई रिमांडचे कागद घेऊन ताटकळत उभे. एमपीएससीची परीक्षा काढून गट-अची नोकरी मिळवलेले एपीपी साहेब साक्षीदाराशी पहिल्यांदा बोलतात ते पुकारा व्हायच्या पाच मिनिटं आधी, व्हरांड्यात. मग पंच पिंजऱ्यात चढतो. बहुधा ठाण्यासमोरचा पानठेलेवाला.

"जप्ती तुमच्यासमोर झाली ना?"

"नाही साहेब."

"मग ही सही कोणाची?"

"सही माहीच हाय. पण कागद कोरा होता ना बाप्पा!"

संपलं. पंच फुटला. साहेब कोर्टाची परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी करतात, तो त्यांच्याकडे बघून गोड हसतो, आणि आरोपी सुटतो. बाहेर फिर्यादी म्हणतो, सरकारी वकील विकला गेला. तपास अधिकारी म्हणतो, आमचा तपास चोख होता, वकील कमी पडला. साहेबांना त्या दिवशी प्रेमानं चहा विचारणारा एकच माणूस असतो, आरोपीचा वकील.

तसा कायदा सांगतो की सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नाहीच. पूर्वी होता. खात्यातलेच पोलीस प्रॉसिक्युटर कोर्टात उभे राहायचे. 1 एप्रिल 1974 ला नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली. तिच्या कलम 25 नं एपीपी हे पद आणलं आणि पोलीस अधिकाऱ्याला त्या पदावर बसायची बंदी घातली. महाराष्ट्र सरकारनं त्यावर नामी तोडगा काढला. पोलीस प्रॉसिक्युटरांनाच एपीपी म्हणायचं आणि ठेवायचं पोलीस खात्याच्याच हाताखाली. ही पाटीबदली एकवीस वर्षं चालली. शेवटी 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की यांचा स्वतंत्र संवर्ग करा, पोलिसांचा ताबा काढा. खटल्याचं नाव, एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. विनोद माझा नाही, लॉ रिपोर्टात तसंच छापलंय.

मग अभियोग संचालनालय आलं. कुठल्या खात्यात? गृह. पोलिसांच्या खोलीतून बाहेर काढलं आणि त्याच वाड्यात शेजारची खोली दिली. वाड्याचे मालक, म्हणजे गृहमंत्री, तर 2014 पासून बहुतेक वर्षं आमच्या जिल्ह्यातलेच. फडणवीस, मधे काटोलचे अनिल देशमुख, पुन्हा फडणवीस. पैकी फडणवीस नागपूरच्याच लॉ कॉलेजचे पदवीधर, आणि देशमुखांना पुढे आरोपी म्हणून कोर्टाचा अनुभव मिळाला. दोन्ही बाजूंचं इतकं ज्ञान वाड्यात असूनही खोल्यांची वाटणी काही बदलली नाही.

सेशन्स कोर्टातल्या सरकारी वकिलांचं खातं निराळं, विधी व न्याय. हायकोर्टातल्यांची तर बातच और. भूषण गवई 1992-93 मध्ये नागपूर खंडपीठात सहायक सरकारी वकील होते, जानेवारी 2000 मध्ये तिथलेच मुख्य सरकारी वकील झाले, 2003 ला न्यायमूर्ती, 14 मे 2025 ला सरन्यायाधीश. वाटेत नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टातल्या त्यांच्या खंडपीठानं आरोपींच्या घरांवर बुलडोझर चालवणाऱ्या सरकारांना चांगलं फटकारलं. सरकारची वकिली करूनही कणा शाबूत राहतो, याचा हा जिवंत पुरावा. फरक एवढाच की हायकोर्टातल्या खुर्चीची वाट दिल्लीला जाते आणि मॅजिस्ट्रेट कोर्टातल्या खुर्चीची गडचिरोलीतल्या अहेरीला.

बरं, एपीपीनं करायचं काय, यावरही दोन हुकूम आहेत. 1999 मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, सरकारी वकिलानं कसंही करून शिक्षा लावायच्या मागे लागू नये. आरोपीच्या फायद्याचं काही असेल तर तेही पुढे ठेवावं. 2014 मध्ये किशनभाई खटल्यात तेच कोर्ट म्हणालं, आरोपी सुटला की प्रत्येक निकाल समितीनं तपासावा आणि तपास करणाऱ्यांची, खटला चालवणाऱ्यांची जबाबदारी ठरवावी. दोन्ही निकाल आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर. पण दोन्ही एकाच टेबलावर ठेवा आणि त्यामागे स्वतः बसून बघा. सचोटीनं वागलो म्हणून आरोपी सुटला, असा रकाना अजून कुठल्या तक्त्यात नाही.

आणि पुरावा म्हणाल तर त्याची गोष्ट नागपूरकरांना सांगायला नको. 13 ऑगस्ट 2004 ला कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावानं गुंड अक्कू यादवला जिल्हा न्यायालयातच, भरदिवसा ठार केलं. जगभर बातमी झाली. घटनास्थळ आणि कोर्ट एकाच आवारात. रिक्षाचेही पैसे नकोत. खटल्याचा निकाल लागला 2014 मध्ये, पुराव्याअभावी सगळे निर्दोष. वस्तीनं जे सोसलं होतं, ते बघता फारसं कोणी हळहळलं नाही, मीही नाही. पण न्यायालयाच्या आवारातली घटना जिथे सिद्ध होत नाही, तिथे यशोधरानगरच्या गल्लीतली चाकूमारी एपीपी साहेबांनी कशी सिद्ध करायची?

आता 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आलाय. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 20. सात ते दहा वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांचा अहवाल अभियोग खात्याच्या उपसंचालकांनी बारकाईनं तपासायचा. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच वकिलाला फाईल कोर्टात फुटायच्या आधी उघडून बघायचा हक्क मिळाला. फार चांगलं झालं. फक्त याच गुन्ह्यांत साठ दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, आणि आमच्याकडे फाईल हलते ती एकोणसाठाव्या दिवशी, संध्याकाळी. पंचनाम्यावर तारीख नाही, रासायनिक तपासणीचा रिपोर्ट यायचा आहे, दोन जबाब शब्दाला शब्द सारखे. उपसंचालक साहेब चष्मा पुसून लाल पेन काढतात. हवालदार घड्याळ बघतो.

"उद्या साठ भरते साहेब. काही त्रुटी असन तं सांगा ना, पुरवणीत टाकून देऊ."