दार कुणीकडे बघतं?

पुण्यात नवा फ्लॅट बघायला गेलेलं कुटुंब हल्ली दाराशीच थबकतं. पूर्वी थबकायचं ते चपला काढायला. आता खिशातून मोबाइल निघतो, त्यातलं होकायंत्र उघडतं आणि घरातला कर्ता माणूस तो तळहातावर आडवा धरून स्वतःभोवती सावकाश फिरू लागतो. बिल्डरचा माणूस सराईतपणे म्हणतो, "ईस्ट फेसिंग आहे, साहेब." सुई मात्र अजून विचारात असते. ती भिंतीतल्या सळयांचा कानोसा घेते, लिफ्टच्या मोटरकडे बघते, लोखंडी सेफ्टी डोअरकडे जरा जास्तच आपुलकीने झुकते आणि शेवटी ईशान्य नि पूर्व यांच्या मधे कुठेतरी, सही करावी की टाळावी अशा पेचात पडलेल्या जामीनदारासारखी थरथरत राहते. तेवढ्यात सासूबाई विचारतात, "पण पूर्व म्हणजे, बाहेर पडताना तोंड पूर्वेला की आत येताना?" शंका इतकी मुळाशी जाते की बिल्डरचा माणूस पाण्याची बाटली पुढे करतो.

मला या फिरण्याची गंमत वाटते आणि थोडी मायाही. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घ्यायला निघालेल्या माणसाला निदान एका दिशेची तरी खात्री हवी असते.

त्यात आपल्या दाराशी आता दोन शास्त्रं उभी आहेत. चौकटीच्या माथ्यावर गणेशपट्टी, तिच्याखाली आंब्याच्या पानांचं बाराही महिने न सुकणारं प्लॅस्टिकचं तोरण, कडेला लिंबू-मिरची. ही झाली घरची मंडळी. मग आत वाऱ्यावर किणकिणणाऱ्या पोकळ नळ्या, कडीच्या आतल्या बाजूला लाल फितीत ओवलेली तीन चिनी नाणी आणि चपलांच्या कपाटावर पोट सोडून हसत बसलेला बुद्ध. हे पाहुणे कधी आले, कुणी आणले, कुणालाच आठवत नाही. तुळशीबागेत गौरीचे मुखवटे घ्यायला गेलेलं कुणीतरी परतताना त्यांनाही घेऊन आलं असावं. ऊर्जा बिचारी आत यायची म्हणजे तिला एवढ्या चौक्यांवर कागदपत्रं दाखवत यावं लागतं.

चिनी शास्त्र, म्हणजे फेंगशुई, मुळात वाऱ्या-पाण्याचं. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेलेल्या ग्वो पू यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका जुन्या ग्रंथात म्हटलंय, की 'ची' ही प्राणशक्ती वाऱ्याने विखुरते आणि पाण्याच्या काठाशी थांबते. म्हणजे हे तिला अडवण्याचं शास्त्र नव्हे. तिने हळू यावं आणि जरा टेकावं, एवढाच आग्रह. पुढच्या दारासमोर थेट मागची खिडकी असली तर ती आल्या पावली निघून जाते. समोर जिना उतरत असला तर घरंगळते. सरळ रेषा तिला बाणासारखी लागते. तिला वळणं आवडतात. २००५ साली हाँगकाँगला डिस्नेलँड उघडलं, तेव्हा फेंगशुईच्या जाणकारांचं ऐकून त्याचं मुख्य प्रवेशद्वार १२ अंशांनी वळवलं होतं, आणि स्टेशनवरून येणाऱ्या वाटेला मुद्दाम बाक दिला होता. मिकी माऊसनेही मुकाट्याने मान कलती केली, तिथे आपली काय कथा.

या न्यायाने आपल्या पेठांत ऊर्जेने कायमचं बिऱ्हाड करायला हवं होतं. लक्ष्मी रस्त्यावरून आत शिरलेली 'ची' सदाशिव पेठेच्या बोळांतून सरळ जाऊच शकत नाही. एका वाड्याचा कोपरा तिला डावीकडे ढकलतो, दुसऱ्याचा ओटा उजवीकडे. एवढं करून ती दाराशी पोचावी, तर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेले आजोबा चष्म्यावरून बघून विचारतात, "कुणाकडे?"

पाण्याने मात्र कुणाला विचारलं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, ते दारांची तोंडं न बघताच. पूर्वमुखी म्हणून चढ्या भावाने घेतलेलं घर आणि दक्षिणमुखी म्हणून घासाघीस करून घेतलेलं घर, दोघांना पाण्याने एकच भाव लावला.

आपल्याकडचं दारांचं शास्त्रही काही कमी बारकाईचं नाही. सहाव्या शतकातला वराहमिहिर 'बृहत्संहिते'त घराच्या चार बाजूंचे बत्तीस भाग पाडतो, प्रत्येकावर एक देवता बसवतो आणि कुठल्या भागात दार काढलं तर काय फळ मिळेल हे रोखठोक सांगून मोकळा होतो. एकट्या पूर्वेच्या आठ घरांत अग्निभय आहे, मुलींचा जन्म आहे (तोही त्याने परिणामांच्या यादीत घातलाय, त्याबद्दल त्याच्या घरातल्या बायकांनी त्याला काही ऐकवलं असेल अशी आशा), भरपूर धन आहे, राजाची मर्जी आहे, आणि पुढे राग, खोटेपणा, क्रूरपणा, चोरीही आहे. म्हणजे पूर्वाभिमुख दार घेतलं म्हणून निर्धास्त व्हायचं काम नाही. हातभर सरकलं की राजाच्या मर्जीतून उठून थेट संतापात. समोर झाड, खांब, विहीर, रस्ता, दुसऱ्या घराचा कोपरा आला तर दाराचा वेध होतो. पण लगेच तो माणसासारखा बोलतो: घराच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडलेलं असेल, तर दोष नाही. बाराव्या मजल्यापर्यंत चढलेल्या इमारतीच्या दुप्पट अंतर कोथरूडात कुठे सापडणार, ही अडचण त्याच्या काळी नव्हती.

त्याचं आणखी एक विधान माझं आवडतं आहे. जे दार आपोआप उघडतं ते उन्माद आणतं, आणि जे आपोआप मिटतं ते कुळाचा नाश करतं. शनिवारी संध्याकाळी मॉलची काच समोर जाताच आपसूक बाजूला सरकते आणि सेलच्या पाट्यांखाली आपली जी अवस्था होते, ती बघता पहिल्या अर्ध्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. लिफ्ट तर दोन्ही करते. आम्ही रोज उन्माद आणि कुलनाश यांच्यामधून सहाव्या मजल्यावर जातो.

दार आणि दिशा म्हटलं की पुण्यात शनिवारवाड्यापाशी थांबावंच लागतं. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत केली. दोन्ही दिवस शनिवार. खर्च रुपये १६,११०. आज तेवढ्यात एक बरा सेफ्टी डोअर बसवून मिळत नाही. वाड्याला दरवाजे पाच, आणि त्यातला सर्वांत भव्य उत्तरेकडे तोंड करून, नाव दिल्ली दरवाजा. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून त्याच्या फळ्यांवर लांब अणकुचीदार खिळे. असं सांगतात, की शाहू महाराजांना हे उत्तरेकडे बघणारं दार रुचलं नाही. दिल्लीच्या तख्ताकडे रोखून बघणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं आणि दरवाजाचं काम रेंगाळलं. दाराची दिशा म्हणजे घराचा हेतू, हे साताऱ्यात बसून त्यांनी ओळखलं होतं. त्यांना होकायंत्र लागलं नाही.

मी कधीकधी त्या दरवाजासमोरच्या पटांगणात बसून वराहमिहिराची उत्तरेकडची आठ फळं आठवतो. त्यांत वध आणि बंधन आहे, शत्रूंची वाढ आहे, पुत्र आणि धन यांचा लाभ आहे, सगळ्या गुणांची संपदा आहे, मुलाशी वैर आहे, शेवटी दारिद्र्य आहे. दार म्हणे यांपैकी एका भागात यावं. पण दिल्ली दरवाजा इतका रुंद बांधला, की बहुधा त्याने आठही भाग व्यापले. अटकेपर्यंतचा दौडता काळ त्यातून बाहेर पडला आणि १७६१ च्या पानिपताची बातमीही त्याच दिशेने आत आली. मात्र ३० ऑगस्ट १७७३ ला कोवळ्या नारायणराव पेशव्याचा जीव घेणारं वैर उत्तरेकडून आलं नव्हतं. ते घरातच होतं. पलीकडे दक्षिणेच्या दरवाजाला पुढे त्याचंच नाव चिकटलं. १८२८ च्या फेब्रुवारीत आगीने आतले महाल खाल्ले, दरवाजे राहिले. आता दिल्ली दरवाजा उघडा असतो आणि त्याच्या पोटातल्या छोट्या दारापाशी सहलीला आलेली मुलं उगाच वाकून आत-बाहेर करतात.

त्या छोट्या दाराला दिंडी म्हणतात. माझ्या लहानपणच्या वाड्यालाही दिंडी होती. भाडेकरू डझनभर, आणि सगळ्यांची दारं चौकात उघडायची, म्हणजे प्रत्येक दार दुसऱ्या कुठल्यातरी दाराकडे बघायचं. दारासमोर दार आलं की भांडणं होतात, असं आता सल्लागार सांगतात. होत असत ना! पण ती नळावरून होत, आणि दारं समोरासमोर असल्यामुळे मिटतही लवकर, कारण रुसून बसायला आडोसाच नव्हता.

आमच्या दोन खोल्यांना मागचं एक दार होतं, ते बोळात उघडायचं. दिवेलागणीला आजीचा नेम असे. मागचं दार लावायचं, मग पुढचं उघडायचं, उंबऱ्याशी दिवा दाखवायचा, आणि आम्हा पोरांना शुभंकरोतीला बसवायचं. लक्ष्मी पुढून येते, मागचं दार उघडं राहिलं तर तशीच पुढे निघून जाते. ग्वो पू यांचं नाव आजीने ऐकलं असण्याची सुतराम शक्यता नाही. तिला चीन ठाऊक होता तो बासष्टच्या युद्धापुरता. पण ऊर्जा कुठून येते, कुठून गळते, याचा हिशेब दोघांचा सारखाच निघाला.

फक्त आजी मागच्या दाराला कडी घालत नसे. नुसतं लोटून घ्यायची. बोळापलीकडे एक काकू राहत; त्यांच्या यजमानांची नोकरी गेली होती. महिनाअखेरीला त्या तिन्हीसांजेच्या अंधारात येत, वाटीभर पीठ नाहीतर तेल मागायला. चौकातून येणं म्हणजे डझनभर दारांच्या डोळ्यांपुढून रिकामी वाटी न्यायची. म्हणून मागचं दार. एकदा मी शास्त्रार्थ काढला, की कडी न घातल्यामुळे लक्ष्मी जाणार नाही का? आजी वाती वळता वळता म्हणाली, "लोटलेलं दार तिला बंदच वाटतं रे. तिला ढकलायची सवय नसते."

"आणि काकूंना?"

"त्यांना उघडं वाटतं."

वाटी कधी रिकामी परत येत नसे. कधी तिच्यात कढीलिंबाची डहाळी असे, कधी चार चिंचा.

तो वाडा पडला. त्याची दारं कुठे गेली, माहीत नाही. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात सागवानी चौकटी कोयंड्यांसकट भिंतीला टेकून उभ्या दिसतात, तेव्हा मी ओळखीची खूण शोधत रेंगाळतो. बाजीराव रस्त्याजवळच्या केळकर संग्रहालयात तर नक्षीची दारं आहेत, एकाहून एक. दिनकर केळकरांनी ती गावोगाव हिंडून जमवली आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने सगळा संग्रह लोकांसाठी ठेवला. त्या दारांसमोर उभं राहिलं की होकायंत्राचं काही चालत नाही. आतही भिंत, बाहेरही भिंत. यांची पूर्व कुठली म्हणायची? आणि काही दारं आता कोरेगाव पार्कातल्या उपाहारगृहांत आडवी पडून टेबलं झाली आहेत. वर काच, काचेवर कॉफी. त्यांचं तोंड आकाशाकडे. या दिशेचं फळ वराहमिहिराने दिलेलं नाही.

आमच्या आताच्या फ्लॅटचं दार लोटता येत नाही. त्याला लॅच आहे. दुधाची पिशवी घ्यायला बाहेर पाऊल टाकावं आणि वाऱ्याची झुळूक यावी, की ते आपोआप मिटतं. कुळाचा नाश अजून झालेला नाही, पण पंचा नेसून जिन्यात उभं राहण्याचा योग अनेकदा आला आहे. अशा वेळी उपयोगी पडते ती शास्त्राने निषिद्ध ठरवलेली गोष्ट, म्हणजे समोरासमोरचं दार. आमची जादा किल्ली समोरच्या मावशींकडे असते आणि त्यांची आमच्याकडे.

या मावशींना मध्यंतरी गुडघेदुखीने गाठलं. त्यांच्या परदेशातल्या मुलाने फोनवरूनच एक सल्लागार गाठून दिला. त्याने नकाशा बघून निदान केलं, की समोरच्या दारातून येणारी ऊर्जा सरळ मावशींच्या दारावर आदळते आहे. समोरचं दार म्हणजे आमचं. उपाय म्हणून चौकटीच्या वर अष्टकोनी आरसा लावायचा, म्हणजे ती आल्या वाटेने परत जाईल. मावशींना भारी संकोच वाटला. आरसा पदराखाली धरून त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याबद्दल काही नाही हो. मुलगा म्हणतो म्हणून." आमच्याकडे ड्रिल मशीन असल्यामुळे खिळ्याचं भोक मीच पाडलं.

आरसा छान आहे. लिफ्टची वाट बघताना माझी बायको मान उंचावून त्यात टिकली नीट करते, कुरियरवाला भांग पाडतो. आमची ऊर्जा परत येत असावी. आली तर चहाच्या वेळेला येते, असा माझा अंदाज आहे, कारण तेव्हा तिच्यामागून मावशीही येतात. दर महिन्याला आरशावर धूळ बसते. धुळकट आरशाचा उपयोग होत नाही, असं सल्लागाराने बजावलं आहे. मावशींचा हात आता तिथवर पोचत नाही, स्टुलावर चढायला त्यांना डॉक्टरांनी मनाई केली आहे. तेव्हा तो पुसायला मीच जातो, आणि स्टूल धरून मावशी खालून सांगत असतात, "कोपऱ्यात राहिलंय बघा, अजून जरा."