पाण्याची वहिवाट

थिबा राजवाड्याच्या टेकडीपासून मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत रत्नागिरीच्या कोणत्याही आळीत जा, महसूल खात्यातून पेन्शनीत निघालेले असे एक अव्वल कारकून तेथे आढळतीलच, की ज्यांचे दप्तर सुटले परंतु तपासणीची हौस सुटली नाही. आणि आळीत कोणाचा जुना फ्रिज आतून गळू लागला, की ती वार्ता मेकॅनिकच्या आधी त्यांच्या कानी जाते. ‘सहज डोकावलो’ असे म्हणत ते पडवीत टेकतात, आणि हातातला पेला रिता होण्यापूर्वीच गृहिणीची जबानी सुरू होते.

“वहिनी, पाणी प्रथम दिसलं कुठं? भाजीच्या खणाखाली, की दाराशी? अंदाजानं सांगू नका, आठवून सांगा.”

वहिनी सुनेकडे पाहतात, सून दार सताड उघडे टाकणाऱ्या मुलांकडे. परंतु अशा तोंडी पुराव्यावर निकाल देणारे हे गृहस्थ नव्हेत. पागोळीच्या पाण्यावरून जेथे पिढ्यान्‌पिढ्या दिवाणी दावे चालले त्या मुलखात त्यांची हयात गेलेली असल्यामुळे, फ्रिजमधील पाणी हाही त्यांच्या लेखी वहिवाटीचाच प्रश्न असतो. बर्फ न साचणाऱ्या दोनदारी फ्रिजमध्ये फ्रीझरच्या मागील पडद्याआड गार नळ्यांवर हिम धरते, ठरावीक अवधीने आतला हीटर ते वितळवतो, आणि ते पाणी एका बारीक नळीने उतरून कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये पडते व तेथील उष्णतेने वाळून जाते: ही त्या पाण्याची पूर्वापार वाट. ती गाळाने किंवा बर्फाने बुजली, की पाणी परक्या हद्दीत, म्हणजे भाजीच्या खणात, अतिक्रमण करते. “कसूर पाण्याची नाही,” ते बजावतात, “वाट अडवणाऱ्याची आहे.”

निदान बिनचूक असते, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र निदान आणि अंमलबजावणी यांच्या दरम्यान चहा दोनदा होतो. शिवाय मूळ कारणाचा शोध राहिलेलाच असतो. त्यासाठी दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावायचे. नोट विनासायास ओढता आली तर रबर निकामी, आणि आषाढातील दमट हवा तेथूनच आत शिरून हिमाची भर घालते, असा निष्कर्ष निघतो. नोट अर्थात यजमानांची.

एवढ्यात घरातला एखादा उत्साही तरुण बर्फ खरवडण्यासाठी सुरी घेऊन येतो, आणि प्रथमच त्यांचा आवाज चढतो: “ठेव ती आधी! नळीला भोक पडलं तर गॅस जाईल, मग घाला त्यात पापड-कुरडया!” त्यानंतर प्लग काढून, पडदा सोडवून, बर्फ आपोआप वितळू देऊन कोमट पाणी, कढत नव्हे, पिचकारीने नळीच्या तोंडात सोडले जाते, मागच्या ट्रेमध्ये काळपट गाळासह धार पडते, आणि ती पाहण्यास शेजारचे दोघे पंच म्हणून बोलावून आणलेले असतात. त्यांच्यासाठी चहा तिसऱ्यांदा.

या सर्व खटाटोपाची ते दिडकीही घेत नाहीत. रबर तेवढे बाजारातून आणावे लागते, आणि दुकानदाराशी भाव करण्यास ते स्वतः बरोबर येतात. तेव्हा त्या दिवशी दुसरे कोणतेही काम ठरवू नये.