धूर जिभाऊचा, मेसेज एजंटला

"ताई, कळलं का? जिभाऊच्या पिकअपला कोंडाईबारी घाटाच्या अलीकडे अडवलं!"

आमच्या आणि माईंच्या अंगणामध्ये कमरेइतकी भिंत आहे. साक्रीतल्या बातम्या तिच्यावरून अलीकडे येतात, त्याही तिखटमीठ लावून.

"कांदा भरून सुरतेला निघाला होता. पीयूसी मागितली. यानं सीटखालची पिशवी काढली. आरसी, विमा, जुन्या पावत्या, वर सप्तशृंगीचा फोटो. साहेबानं पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकला आणि म्हणाला, तुमची पीयूसी संपलीय."

"मग?"

"मग काय! याचं म्हणणं, कागद पिशवीत आहे ना? साहेब म्हणतो, कागद आहे, पण तारीख गेली त्याची."

एवढ्यात जिभाऊ स्वतःच पाण्याची मोटर बंद करायला बाहेर आला. आमचे आवाज ऐकून भिंतीशी येऊन उभा राहिला.

"काय चालू शे, माय?"

"तुझंच कौतुक," माई म्हणाल्या.

"मन्ही काय चूक? माले मेसेज उनाच नही! पीयूसी संपायच्या आधी मोबाईलवर मेसेज येतो म्हणतात. कोणाला आला?"

आता कुठे गोष्टीला तोंड फुटलं. जून 2021 मध्ये देशभर पीयूसीचा, म्हणजे धूर तपासल्याच्या दाखल्याचा, एकच नमुना ठरला. त्यावर क्यूआर कोड आला, मालकाचा मोबाईल नंबर आला, आणि सगळी नोंद 'वाहन' या सरकारी नोंदवहीला जोडली गेली. मेसेज जातो तो त्या नोंदीतल्या नंबरावर. जिभाऊच्या पिकअपच्या नोंदीत नंबर कोणाचा? गाडी घेतली तेव्हा ज्यानं धुळ्याला कागदपत्रं केली, त्या एजंटाचा! त्यानं शंभर गाड्यांना आपलाच नंबर लावला असेल तर त्याचा फोन दिवसभर वाजत असणार, आणि इकडे शंभर जिभाऊ बिनघोर कांदा भरत असणार.

"म्हणजे धूर माझा आणि मेसेज त्याला?"

"चलानही त्यालाच जात असेल," मी म्हटलं. जिभाऊचा चेहरा उतरला.

माईंना मात्र जुने दिवस आठवले. "आमच्या ह्यांच्या वेळी बरं होतं बाई. चिठ्ठीवर नंबर लिहून पोराला पाठवायचं, पोरगा पीयूसी घेऊन यायचा. गाडी अंगणातून हलायचीसुद्धा नाही."

यातलं 'बरं' काय ते माईंनाच ठाऊक. गाडी अंगणात आणि तिचा धूर 'तपासून योग्य'! आता केंद्रावर नंबरप्लेटचा फोटो काढतात, सायलेन्सरमध्ये नळी घालतात, डिझेल असेल तर धुराची दाटी मोजतात. गाडी नापास झाली तर नकाराची चिठ्ठी देतात, त्यावर आकडा लिहिलेला असतो. तो घेऊन मेकॅनिककडे जायचं. माझं विचाराल तर, कागदाचा मान गेल्याचं दुःख करण्यापेक्षा हे खोटं कमी झालं याचा आनंद मोठा.

"आणि दंड किती?" माईंना मुद्द्याचं हवं होतं.

"2019 च्या दुरुस्तीनं कायद्यात दहा हजारांपर्यंत आहे. महाराष्ट्रात तडजोडीची रक्कम वेगळी ठरते."

जिभाऊनं आपली रक्कम सांगितली नाही. आम्ही दोघींनी दोनदा विचारली.

"पण माझ्या फोनमध्ये आरसीचा फोटो होता," तो म्हणाला, "व्हॉट्सॲपवर पोरानं पाठवलेला. तोपण चालला नाही."

चालणारच नाही. ऑगस्ट 2018 मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं, की डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली कागदपत्रं मूळ कागदांइतकीच खरी मानावीत. गॅलरीतला फोटो म्हणजे डिजिटल कागद नव्हे. ही गफलत आमच्या गल्लीत घरटी एक आहे. पलीकडच्या आळीत एकानं सुरतेहून जीजे पाच पासिंगची जुनी गाडी आणली, नावावर केली नाही, आणि आरसीचा फोटो मात्र मोबाईलच्या पहिल्याच पानावर ठेवलाय. त्याचं काय होईल ते माई पुढच्या आठवड्यात सांगतीलच.

"आणि माझं काय?" माईंनी साधा बटनांचा फोन दाखवला. "माझ्या स्कुटीची पीयूसी मी कुठे ठेवू?"

"केंद्रावर छापून देतात ना, माई. तीच ठेवा. कागद बंद झालेला नाही, नुसत्या कागदावरचा भरवसा बंद झालाय. हरवला तरी परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकले की पुन्हा मिळतो."

"चेसिस म्हणजे कोठे शे ते?" माईंनी जिभाऊला विचारलं. तो हसला. दिवसभरात पहिल्यांदाच हसला असावा.

मग त्यानं तिथंच भिंतीवर मोबाईल ठेवून तारखांचा हिशेब मांडला. त्याची पिकअप बीएस-चार, म्हणून पीयूसी बारा महिन्यांची. त्याच्या भावाची जुनी बीएस-तीन, तिला दर सहा महिन्यांनी. फिटनेस वेगळं: मालाच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. विमा आणखी वेगळा; 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विम्याच्या नूतनीकरणाला चालू पीयूसी लागायची, ती अट 2024 मध्ये न्यायालयानंच काढली. "एवढं लक्षात ठेवायला एजंटच बरा होता," तो पुटपुटला. त्याचं म्हणणं खोटं नाही. कांद्याचे भाव बघायचे, टायर बघायचे, की तारखा?

पण तारखा सांगायलाच तर मेसेज आहे, फक्त तो आपल्याला यायला हवा. तेव्हा तुमची गाडी एमएच अठरा असो, एकोणीस असो नाहीतर एकोणचाळीस, आज परिवहनच्या साइटवर जाऊन नोंदीतला मोबाईल नंबर तुमचाच आहे का ते बघा. एजंटाचा, शोरूमचा किंवा बंद पडलेल्या सिमचा असेल तर आधी तो बदलून घ्या.